वखारीच्या भिंतीवरची सावली

पट्टी निघाली तेव्हा परशराम सरांना पहिल्यांदा दिसला तो कापूस. डॉक्टरीणबाईंनी चिमट्यात धरलेला एवढासा बोळा, आणि तो इतका पांढरा होता की सर दचकले. पांढऱ्याच्या पोटात कुठंतरी निळं असतं, हे त्यांनी चौतीस वर्षं हायस्कूलच्या पोरांना फळ्यावर लिहून दिलं होतं. पण ते निळं स्वतःला दिसायचं कधी बंद झालं, याचा त्यांना पत्ताच नव्हता. "किती बोटं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. सर बोटांकडं बघतच राहिले. "सर, किती बोटं?" "तीन," ते म्हणाले, "आणि नखांना फिकट गुलाबी लावलंय." बाई हसल्या. मोतीबिंदू निघून उजवा डोळा छान झालाय म्हणाल्या, डावा महिन्याभरानं करू, तोवर थेंब चुकवायचे नाहीत, वाकायचं नाही, हात वर करून काही काढायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. हे सगळं सरांच्या पत्नीनं, जयाबाईंनी, नीट ऐकून घेतलं. सर तेवढ्या वेळात दवाखान्याची भिंत, खिडकीचा गज, गजावरचं ऊन असं एकेक बघत होते, आणि परगावाहून घरी परतलेल्या माणसानं ओळखीची दुकानं मोजावीत तसे मनात रंगांची नावं घेत होते.

रिक्षा खासबागेकडं, घराकडं निघाली. डोळ्यावर काळा गॉगल होता, पण सर तो दर मिनिटाला कपाळावर ढकलत होते. फेब्रुवारीतलं सकाळचं ऊन, भाजीच्या गाड्यावरची वांगी, शाळेच्या गणवेशातल्या दोन पोरींच्या फिती, दुकानाच्या फलकावरची गोल गोल कानडी अक्षरं. सगळं कुणीतरी पहाटे उठून धुऊन वाळत घातल्यासारखं. त्यांनी उजवा डोळा मिटला, डाव्यानं बघितलं. सगळं गुळाच्या पाण्यात बुडालं. डावा मिटला, उजवा उघडला, पाणी निवळलं. परत मिटला, परत उघडला. "काय चाललंय तुमचं?" जयाबाई म्हणाल्या, "रिक्षावाल्याला वाटंल, डोळे मारतोय म्हातारा." सरांनी त्यांच्याकडं वळून बघितलं आणि बघतच राहिले. "ही साडी कधी घेतलीस?" "ही? गेल्या दसऱ्याला. तुमीच पसंत केलीसा." "मी कॉफी रंगाची पसंत केलती." "हीच ती. जांभळी हाय. पयल्यापासनं जांभळीच हाय." "मग मी कॉफी कॉफी म्हणत हुतो तवा बोलली का न्हाईस?" जयाबाईंनी पदर सारखा केला आणि अगदी सहज म्हणाल्या, "म्हटलं, ड्रॉइंग मास्तरास्नी रंग कोण शिकवणार?"

सर हसले. रिक्षावालाही हसला. पण ते वाक्य बोटात कुसळ शिरावं तसं आत शिरलं, आणि दिवसभर कुठं शिरलंय ते नेमकं सापडेना.

दुपारी जेवून ते मागच्या सोप्यात खुर्ची टाकून बसले. झोपायचं होतं, पण एवढं बघायला असताना झोपणार कोण? त्यांना वडगावचं लहानपणचं घर आठवलं. वडील सुताच्या लडी रंगवायचे. मागल्या अंगणात चुलाण, त्यावर तांब्याचं मोठं भांडं, आणि दांडीवर लोंबणाऱ्या ओल्या लडी. ज्या दिवशी जो रंग त्या दिवशी त्या रंगाचं पाणी गटारातून गल्लीभर धावायचं, आणि शाळेत जाताना सर त्या पाण्याच्या कडेकडेनं चालायचे. निळ्याचा दिवस सगळ्यात मोठा. वडिलांचे हात कोपरापर्यंत निळे व्हायचे आणि आई त्या हातांना भाकरी देताना हसायची. ओल्या सुतावर वडील कधी मत द्यायचे नाहीत. गिऱ्हाईक घाई करायचं, तर म्हणायचे, वाळू दे, मग बोलू. ते निळं सरांच्या मनात इतकं झगझगीत राहिलं होतं की पुढं पुढं त्यांनी ठरवून टाकलं होतं, लहानपणी सगळंच झगझगीत असतं. माणूस वाढतो तसं जग विटतं. त्याला इलाज नाही. या विचाराचं त्यांना थोडं कौतुकही वाटत असे. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी तो बोलूनही दाखवला होता, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि आता शेजारच्या घराच्या पत्र्यावर वाळत टाकलेली प्लास्टिकची ताडपत्री अगदी तशीच, त्या लडींसारखी निळी दिसत होती. म्हणजे जग विटलं नव्हतंच. एवढी वर्षं ते बाहेर होतं तसंच होतं, कुणाची वाट न बघता. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली, आणि आतून जयाबाई ओरडल्या, "झोपा म्हटलं न्हवं?"

मग ऊन कललं. शेजारच्या चुना दिलेल्या भिंतीवर शेवग्याची सावली पडली. बारीक पानांची, हलती. सरांनी ती आधी नुसती बघितली, मग ताठ बसले. सावली जांभळी होती. जांभळी म्हणजे अगदी जांभळासारखी नव्हे, पण निळसर, कडेला कोवळी, मध्ये दाट, आणि तपकिरीचा तिच्यात लवलेश नव्हता. त्यांनी डावा डोळा उघडून उजवा मिटला. तपकिरी. पुन्हा उजवा. जांभळी. कुसळ कुठं शिरलंय ते त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांना रूपाली आठवली.

निवृत्तीनंतर सरांनी मोठ्यांसाठी रविवारचा चित्रकलेचा वर्ग काढला होता. दुपारी चार ते सहा, खासबागेतल्याच एका शाळेची खोली. बँकेतले दोघे, एक औषधदुकानदार, काही गृहिणी, आणि मच्छे गावाहून येणारी रूपाली. तिशी ओलांडलेली, तिथल्याच पत्र्यांना रंग देणाऱ्या एका पावडर कोटिंगच्या कारखान्यात कामाला. तिच्या पोस्टर कलरच्या बाटल्या स्टीलच्या जेवणाच्या डब्यात असायच्या. बोलायची कमी, बघायची फार. पाच वर्षांपूर्वी जानेवारीत सर सगळ्यांना टेम्पोनं निपाणीकडं घेऊन गेले होते. काळ्या वावरात तंबाखूची पानं वाळत पसरलेली, हवेत तो गोडसर, घशात बसणारा वास, आणि रस्त्याच्या कडेला तंबाखूची एक जुनी वखार. तिची लांबच लांब चुन्याची भिंत, आणि भिंतीवर कडुलिंबाची सावली. सर मागं हात बांधून प्रत्येकाच्या कागदामागून फिरत होते. रूपालीच्या कागदापाशी थांबले. "रूपाली, ही सावली हाय का जांभळं सांडल्यात?" सगळे हसले होते. ती हसली नाही. "सर, मला तशीच दिसतीया. तुमी बघा की." आणि सरांनी खरंच बघितलं होतं. हेच तर त्यांना आता टोचत होतं. त्यांनी ढकलून दिलं नव्हतं, मान वर करून, डोळे बारीक करून, प्रामाणिकपणे भिंतीकडं बघितलं होतं. आणि भिंतीवरची सावली तपकिरी होती. "सावलीत माती असती, बाळ," ते म्हणाले, तिच्या हातातून ब्रश घेतला, तपकिरीत बुडवला आणि पाच-सहा फटकाऱ्यांत तिची जांभळी सावली झाकून टाकली. झाकताना हात कसा सराईत चालला होता! मागून कुणीतरी 'वा' म्हणालं होतं. रूपालीनं ब्रश परत घेतला, धुतला, डबा बंद केला. परतताना निपाणीच्या स्टँडपाशी, मावशीकडं जायचंय म्हणून टेम्पोतनं उतरली. पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नोकरीवाल्यांचं असंच असतं, असं सर इतरांना म्हणाले होते, आणि स्वतःलाही.

पट्टी निघाली त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी कपाटावरची आपली चित्रं जयाबाईंकडून खाली काढून घेतली, कारण त्यांना स्वतःला हात वर करायला आणि खाली वाकायला, दोन्हीला बंदी होती. गेल्या सहा-सात वर्षांतली चित्रं कॉटवर पसरली. आणि सर आधी खुदकन हसले, मग त्यांना हसू आवरेना. आभाळं! त्यांच्या गुळाच्या डोळ्याला निळं कमी वाटायचं, म्हणून हात आपोआप आणखी निळं, आणखी निळं देत गेला होता. काकतीच्या डोंगरावर, राकसकोपच्या धरणाच्या पाण्यावर, सगळीकडं पाणी भरायच्या प्लास्टिकच्या पिंपासारखं कडक निळं आभाळ. आणि खाली सावल्या मात्र शेणानं सारवल्यासारख्या. "जया, हे असलं आभाळ बघून कुणी काय बोललं न्हाय?" "मला वाटलं, तुमची ती इस्टाईल असंल." सर डोळे पुसायला गेले, तर जयाबाईंनी हात धरला, डोळ्याला हात लावायचा नव्हता. स्वतःच्या चित्रांचं हसू आलं, त्यात काही दुखलं नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं. आपला कागद, आपला डोळा. बिघडलं तर बिघडलं. पण वखारीचा तो कागद, जो या ढिगात नव्हता, तो त्यांचा नव्हता. तो दुसरीचा होता, आणि तिचा डोळा धड होता.

आठवडाभर ते रोज चार वाजता शेवग्याच्या सावलीसमोर बसले. कधी वाटायचं, एवढ्याशा गोष्टीचा काय बाऊ, ती विसरलीही असेल. लगेच वाटायचं, विसरली असेल तर जास्तच वाईट. म्हणजे तिनं चित्रच सोडलं असेल. एखाद्या माणसानं जे बघितलं ते बरोबर होतं आणि ते बरोबर आहे हे ज्यानं सांगायचं त्यानंच ते पुसलं, असं झालं असेल तर? कारखान्यातनं येऊन, स्वयंपाक करून, रविवारी बस बदलत येणारी बाई. तिचा तो रंगांचा डबा. त्यांनी जुनी हजेरीवही काढली. नाव सापडलं, नंबर सापडला. दोनदा फोन लावून त्यांनी वाजायच्या आधीच बंद केला. तिसऱ्यांदा जयाबाईंनीच त्यांच्या हातातून घेऊन लावला आणि त्यांच्या कानाला लावून दिला.

"कोण?"

"मी परशराम सर. रविवारचा वर्ग…"

थोडा वेळ पलीकडं नुसता यंत्राचा घरघराट ऐकू आला. मग आवाज आला, मोकळा, मोठा. "सर! कसं हायसा? किती दिवसांनी!"

एवढ्यावर सरांना माफीचं वाक्य आठवेना. "तुला भेटायचं हुतं," ते म्हणाले. "या की. आईतवारी या. मारुतीच्या देवळामागं दुसरी गल्ली. कुणालाबी इचारा."

रविवारी सकाळी दोघं बसनं निघाली. पिरनवाडी मागं पडली तशी रस्त्याकडेची शेतं दिसू लागली. भाताची खुंटं, मधून मधून हिरवी मसूर, आणि लांबवर खानापूरकडचे डोंगर. डोंगर निळे होते. सर खिडकीला नाक लावून बसले होते. जयाबाईंच्या पिशवीत थेंबाची बाटली, घड्याळ आणि घरी केलेले रव्याचे लाडू होते.

दार रूपालीच्या सासूनं उघडलं. बायाक्का, सत्तरीची, कपाळभर कुंकू. "या या मास्तर. ह्या आक्का व्हय? या. आमची रूपा सारकी सांगत असती, सरांनी मला ब्रश धराय शिकिवला." सरांनी मान खाली घातली. रूपाली ओल्या हातांनी आतून आली, थोडी जाड झालेली, केसांत एक पांढरी बट, आणि तीच ती बघायची पद्धत: माणूस बोलायच्या आधी त्याला पुरता बघून घ्यायची. "डोळ्याचं झालं व्हय सर? एकच?" "एकच. दुसरा म्हैन्यानं." बायाक्का अभिमानानं सांगू लागल्या की कारखान्यात आता रूपाच्या सहीबिगर एक पत्रा बाहेर जात नाही, रंग नमुन्याला जुळलाय का नाही ते हीच सांगते, मालकबी हिला इचारल्याबिगर हलत न्हाय. रूपाली म्हणाली, "आत्ती, बास की." सर ऐकत होते आणि माफीचं वाक्य मनात जुळवत होते.

तेवढ्यात दहा वाजले. जयाबाईंनी पिशवीतून बाटली काढली. परक्याच्या घरी असलो म्हणून काय झालं, दहाचे थेंब दहाला. सरांना कॉटवर आडवं व्हावं लागलं. उजव्या डोळ्यात थेंब पडले. "पाच मिनिटं उघडायचा न्हाय," जयाबाई म्हणाल्या. असं उताणं पडून, एक डोळा मिटून, तोंडावर परक्या घराचं छत घेऊन बोलणं सोपं गेलं. "रूपाली," सर म्हणाले, "ते वखारीचं चित्र. हाय का अजून? का टाकून दिलंस?"

पावलं आत गेल्याचं, पत्र्याची पेटी सरकल्याचं ऐकू आलं. मग ती परत आली आणि तिनं कागद त्यांच्या डाव्या, उघड्या डोळ्यासमोर धरला. भिंत होती, कडुलिंब होता, खाली पसरलेली पानं होती. आणि भिंतीवर, जशीच्या तशी, तपकिरी सावली.

"मी चुकलो गं," ते म्हणाले. "माझ्याच डोळ्यात घाण हुती. तू बरोबर हुतीस. दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा नसतो हे मी जल्मभर पोरांना सांगितलं आणि तुझ्या चित्रावर स्वतःच फराटे वढले. पाच वर्षं ते तसंच राहिलं."

रूपाली गोंधळून म्हणाली, "कसले फराटे, सर?"

"हेच की. तपकिरी."

"तुमचा तपकिरी हाय कुठं यात? त्यो मी त्याच दिवशी पुसला. निपाणीच्या स्टँडवर, नळाखाली रुमाल भिजवून. पोस्टर कलर तो, निघाला. त्याच्यासंगं माझाबी निघाला थोडा. म्हणून पुढच्या आईतवारी परत गेलते तितं आणि परत काढली."

"पाच मिनिटं झाली का?" सरांनी विचारलं. "झाली," जयाबाई म्हणाल्या, "हळू उघडा."

सरांनी डावा डोळा हातानं झाकला आणि उजवा उघडला. थेंबाच्या पाण्यातून आधी सगळं थरथरलं, मग थांबलं. सावली जांभळी होती. कडेला कोवळी, मध्ये दाट, आणि फांद्यांच्या फटीतनं पडलेल्या उन्हाच्या टिकल्या तिच्यात इतक्या ऊबदार की हात लावला तर लागतील. भिंत उभी होती. चित्रात दुपारचे चार वाजले होते. पलीकडं, कागदाच्या बाहेर कुठंतरी, कुणीतरी पानं पालथी करत असावं असं वाटत होतं. सर उठून बसले. मग ते जे म्हणाले ते त्यांच्या तोंडून कुठल्याच विद्यार्थ्यानं कधी ऐकलं नव्हतं. "मला असं जमत न्हाय."

रूपाली लाजली. "राग आलता मला, सर. न्हाय म्हणत न्हाय. त्या दिवशी स्टँडवर रडलेबी. पण वर्गाला यायचं सोडलं ते त्यासाठनं न्हवं."

"मग?"

"वर्ग चार वाजता. आणि सावलीबी चार वाजताच पडती की, सर." आणि तिनं पेटीच आणून कॉटवर पालथी केली. कागदच कागद. तीच भिंत, तोच कडुलिंब. डिसेंबरातली सावली, जानेवारीतली, मार्चातली आखूड आणि काळपट. ढगाच्या दिवशीची, जिला कडाच नव्हत्या. मधल्या एका वर्षी भिंतीला नवा चुना बसलेला. आणि एका कागदावर भिंतीला टेकून बसलेल्या दोन बायका, सावलीत अर्ध्या बुडालेल्या. पाच हिवाळे. दर रविवारी बस बदलून ती निपाणीला जात होती. बायाक्का म्हणाल्या, "आमी म्हणायचो, येवडं काय ठेवलंय त्या भिंतीत. मग एकदा मीबी गेले तिच्यासंगं. ती बघा, ती पलीकडची बसलीया ती मीच." आणि त्या तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. जयाबाई लाडवांचा डबा उघडत म्हणाल्या, "मास्तर आठ दिस झोपले न्हाईत वो. आणि हितं बघा!" सरही हसले. आपण एक कागद बिघडवला या दुःखानं ते आले होते, आणि त्यांच्या मांडीवर साठ-सत्तर कागद पडले होते ज्यांना त्यांचा हातही लागला नव्हता.

जेवणं झाल्यावर रूपाली त्यांना मागल्या बाजूला घेऊन गेली. घर संपलं की लगेच शेत होतं. मसुरीचा हिरवा तुकडा, बांधावर बाभळ, आणि मागं डोंगर. तिनं दोन पाट टाकले, दोन कागद, मध्ये पाण्याची वाटी. सरांनी कितीतरी दिवसांनी ब्रश हातात घेतला आणि त्यांना चक्क भीती वाटली. उजव्या डोळ्याला डोंगर निळाच निळा दिसत होता, नव्यानं हाती आलेल्या वस्तूसारखा, जरा जास्तच. डावा म्हणत होता, निळं नाहीच. दोन्ही उघडले की दोघं भांडत होते. खरा डोंगर किती निळा, हे ठरवायला त्यांच्यापाशी तिसरा डोळा नव्हता. त्यांनी डोंगराला पहिला हात दिला. मग ब्रश पुन्हा निळ्यात टेकवला, कागदावर आणला, आणि टोक कागदाला लागायच्या आधी थांबवलं.

"रूपाली," ते म्हणाले, "एवढा बास, का आनखी थोडा?"

तिनं आधी डोंगराकडं बघितलं, मग त्यांच्या कागदाकडं, मग पुन्हा डोंगराकडं. सावकाश, कारखान्यात पत्रा नमुन्याशी धरून बघत असावी तशी. बांधावरून वारा आला आणि कागदाचा कोपरा उचलला गेला. तो तिनं करंगळीनं दाबून धरला.

"बास, सर."

सरांनी ब्रश पाण्यात बुडवला.